कैफियतीतील नकार

दिवाणी दाव्यात उभय पक्ष आपले म्हणणे न्यायालयापुढे लेखी मांडतात. त्यास पक्षकथन म्हणतात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ६, नियम १ प्रमाणे वादीचे वादपत्र अथवा प्रतिवादीची लेखी कैफियत म्हणजे पक्षकथन होय. दाव्यास आधारभूत अशा घटना तेवढ्या त्यात संक्षेपाने सांगावयाच्या असतात. त्यांचा पुरावा तेथे द्यावयाचा नसतो. एकाने प्रतिपादिलेले व दुसऱ्याने नाकारलेले विधान हाच वादाचा मुद्दा ठरतो. म्हणून नकाराची वाक्यरचना हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

समजा, वादपत्रात विधान आहे : ‘प्रतिवादीने १ जून रोजी पुण्यात वादीकडून ५,००० रुपये घेतले.’ कैफियतीत तेच वाक्य उतरवून शेवटी ‘घेतले’ऐवजी ‘घेतले नाहीत’ असे लिहिले, तर नेमके काय नाकारले? मराठीत नकार क्रियापदास जोडला जातो. परंतु त्याची व्याप्ती वाक्यातील एखाद्याच पदापुरती असू शकते. तारीख निराळी असेल, स्थळ दुसरे असेल किंवा रक्कम ४,००० असेल, तरी ते वाक्य खोटे म्हणता येत नाही. बोलताना आघाताने हा संशय फिटतो. लेखनात तो तसाच उरतो.

आदेश ८, नियम ४ अशा नकारास पळवाटीचा नकार मानतो. ‘ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही’ असे म्हटले पाहिजे. अन्यथा किती घेतली, ते सांगितले पाहिजे. ‘वादपत्रातील सर्व मजकूर नाकबूल’ हे सरसकट वाक्यही नियम ३ अन्वये पुरेसे नाही; प्रत्येक विधानाचा पृथक् परामर्श घ्यावा लागतो.

याचा परिणाम नियम ५ मध्ये सांगितला आहे. जे विधान स्पष्टपणे वा अपरिहार्य अर्थाने नाकारलेले नाही, अथवा कबूल नसल्याचेही सांगितलेले नाही, ते कबूल केल्याचे मानले जाते. अज्ञान व्यक्तीसारख्या कायद्याने असमर्थ पक्षकारास हा नियम लागू नाही. इतरत्रही न्यायालय स्वविवेकाने पुरावा मागू शकते. बदात आणि कंपनीच्या खटल्यात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तिन्ही नियम एकत्र वाचावयाचे असल्याचे स्पष्ट केले.

व्यवहारात मौनाचा अर्थ प्रसंगावरून लावला जातो. कैफियतीतील मौनाचा अर्थ मात्र कायद्याने आधीच लावून ठेवला आहे. ज्याने एक पैही घेतली नाही, त्याचा दावाही केवळ संदिग्ध नकारामुळे हातचा जाऊ शकतो.