हंपी स्मारक समूह (स्थलदर्शन)

हंपी स्मारक समूह हा कर्नाटकातील विजयनगर जिल्ह्यात, तुंगभद्रा नदीच्या दक्षिण तीरावर पसरलेला मंदिरे, राजवास्तू, बाजारपेठा, जलाशय आणि तटबंदी यांच्या अवशेषांचा समूह आहे. विजयनगर साम्राज्याची राजधानी इ.स. १३३६ ते १५६५ या काळात बहुतांशी येथेच होती. युनेस्कोने १९८६ मध्ये या समूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. १,६०० हून अधिक अवशेष असलेले हे स्थळ मोठे असले, तरी येथे येणारे बहुसंख्य प्रवासी एक किंवा दोन दिवसच थांबतात आणि स्थानिक मार्गदर्शकाच्या साहाय्याने निवडक वास्तू पाहतात. या अल्पकालीन स्थलदर्शनाचे स्वरूप, त्यात दिसणाऱ्या वास्तूंचा अर्थ, त्यांविषयी सांगितल्या जाणाऱ्या कथा आणि स्मारकांच्या जतनाचे प्रश्न यांचा परिचय या लेखात दिला आहे.

नाव व भूप्रदेश

तुंगभद्रेचे जुने नाव 'पंपा' असे होते. कन्नड भाषेत शब्दारंभीच्या 'प'चा कालांतराने 'ह' झाला आणि 'पंपा'पासून 'हंपे' किंवा 'हंपी' हे रूप आले. परिसरात ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांच्या टेकड्या आहेत. हेमकूट, मातंग व माल्यवंत या त्यांपैकी प्रमुख होत. रामायणातील किष्किंधा नगरी येथेच होती अशी श्रद्धा आहे. नदीच्या उत्तर तीरावरील आनेगुंदी गाव व अंजनाद्री टेकडी त्याच श्रद्धेशी जोडलेली आहेत.

राजधानीसाठी या जागेची निवड होण्यामागे भूगोलाचा मोठा वाटा होता. उत्तरेस वेगवान प्रवाहाची नदी आणि इतर बाजूंस शिळांचे नैसर्गिक अडसर असल्यामुळे शत्रूच्या घोडदळाला शहरात सरळ शिरणे अवघड होते. त्याच शिळांनी बांधकामाला दगडही पुरवला. अनेक शिळांवर आजही रांगेने पाडलेली छिद्रे दिसतात. या छिद्रांत पाचरी ठोकून दगड सरळ रेषेत फोडला जाई. काही शिळा अर्धवट फोडलेल्या स्थितीत तशाच राहिल्या आहेत.

खुष्कीचा मार्ग

हंपीस सर्वांत जवळचे मोठे शहर होसपेटे असून ते सुमारे १३ किलोमीटरवर आहे. तेथील रेल्वे स्थानक हुबळी–गुंटकल मार्गावर आहे. महाराष्ट्रातून रस्त्याने येणारे प्रवासी बहुधा सोलापूर–विजयपूर–होसपेटे या मार्गाने येतात. हा मार्ग अलमट्टीच्या परिसरात कृष्णा नदी ओलांडतो. याच नदीच्या खोऱ्यात, हंपीपासून शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेस, जानेवारी १५६५ मध्ये विजयनगरच्या सैन्याचा निर्णायक पराभव झाला. ही लढाई तालिकोटची किंवा राक्षसतंगडीची लढाई म्हणून ओळखली जाते. त्यामुळे उत्तरेकडून रस्त्याने येणारा प्रवासी विजयी सैन्याच्या वाटचालीच्या दिशेनेच राजधानीत पोहोचतो.

या लढाईत अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा व बीदर येथील सुलतानांची संयुक्त फौज होती. विजयनगरचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा रामराय रणांगणावर मारला गेला. त्याचा भाऊ तिरुमल राजपरिवार व खजिना घेऊन पेनुकोंड्याकडे निघून गेला. रक्षणाविना राहिलेली राजधानी त्यानंतर कित्येक महिने लुटली व जाळली गेली. राज्य पुढेही टिकले, मात्र राजधानीला पूर्वीचे वैभव पुन्हा प्राप्त झाले नाही.

स्थलदर्शनाचा नेहमीचा क्रम

अवशेषांचे अभ्यासाच्या सोयीसाठी दोन मुख्य विभाग केले जातात. नदीलगतचा मंदिरांचा भाग 'पवित्र केंद्र' आणि दक्षिणेकडील कमलापूरजवळचा भाग 'राजकेंद्र' म्हणून ओळखला जातो. दोन्ही भागांच्या मध्ये शेती व जुने कालवे आहेत. दोन दिवसांच्या सहलीत साधारणतः एक दिवस एका विभागासाठी राखला जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा असतो. एप्रिल–मे महिन्यांत तापलेल्या दगडामुळे दुपारी फिरणे कष्टाचे होते.

पवित्र केंद्र

विरूपाक्ष मंदिर हे येथील सर्वांत जुने पूजास्थान असून ते विजयनगरपूर्व काळापासून आहे. १५६५ नंतरही येथील पूजाअर्चा चालू राहिली, म्हणून या मंदिराला 'अवशेष' म्हणणे योग्य ठरत नाही. पूर्वेचे नऊमजली गोपुर सुमारे ५० मीटर उंच आहे. कृष्णदेवरायाने (राज्यकाळ १५०९–१५२९) राज्यारोहणाच्या निमित्ताने येथील रंगमंडप बांधविला. मंदिराच्या मागील बाजूच्या एका अंधाऱ्या दालनात भिंतीतील लहान छिद्रातून येणाऱ्या प्रकाशामुळे गोपुराची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पडते. प्रकाश सरळ रेषेत प्रवास करीत असल्याने गोपुराच्या शिखराकडून येणारे किरण छिद्रातून खाली जातात व पायथ्याकडून येणारे वर जातात. सूचिछिद्र कॅमेऱ्याचे तत्त्व हेच आहे.

मंदिरासमोरील लांब रस्ता म्हणजे विरूपाक्ष बाजार. त्याच्या दुतर्फा दगडी स्तंभांचे मंडप आहेत. जवळच्या हेमकूट टेकडीवर लहान, पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची जुनी देवालये आढळतात. तेथून दक्षिणेस कृष्ण मंदिर आहे. ओडिशाच्या गजपती राजावरील उदयगिरीच्या विजयानंतर कृष्णदेवरायाने १५१५ मध्ये ते बांधले. त्याच्या पुढे एकाच शिळेतून कोरलेली सुमारे ६.७ मीटर उंचीची नरसिंहमूर्ती (१५२८) आहे. मांडीवरील लक्ष्मीची मूर्ती नष्ट झाली आहे, मात्र नरसिंहाच्या पाठीवर टेकलेला तिचा हात शिल्लक आहे. ही मूर्ती मुळात लक्ष्मीनरसिंहाची होती, हे त्यावरून समजते.

नदीकाठाने ईशान्येस गेल्यावर विठ्ठल मंदिर लागते. वाहनतळापासून मंदिरापर्यंतच्या सुमारे एक किलोमीटर अंतरासाठी विजेवर चालणारी वाहने आहेत. मंदिराच्या प्रांगणातील दगडी रथ हे वस्तुतः गरुडाचे लहान देवालय आहे. ते एकसंध दगडातील नसून अनेक शिळा बेमालूम जोडून घडवलेले आहे. त्यावर पूर्वी विटांचे शिखर होते, हे अलेक्झांडर ग्रीनलॉ याने १८५६ मध्ये काढलेल्या छायाचित्रात दिसते. रथापुढील हत्तीही मूळ जागचे नाहीत. त्यांच्यामागे आधीच्या घोड्यांच्या शिल्पांचे तुकडे आढळतात. पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर याच रथाचे चित्र आहे.

राजकेंद्र

राजकेंद्रात महानवमी दिब्बा नावाचा भव्य चौथरा, पायऱ्यांची पुष्करणी, हजार राम मंदिर, कमळ महाल आणि अकरा दालनांची हत्तीशाळा ही प्रमुख स्थळे आहेत. हजार राम मंदिर लहान असले, तरी त्याच्या भिंतींवर संपूर्ण रामकथा शिल्पपट्टांतून कोरलेली आहे. मंदिराभोवती प्रदक्षिणा घालताना कथा क्रमाने वाचता येते. बाहेरील आवारभिंतीवर हत्ती, घोडे, सैनिक व नर्तकी यांच्या मिरवणुकीचे पट्ट आहेत. मातंग टेकडी या मंदिराच्या नेमक्या उत्तरेस येते. नगररचनेत रामकथेशी जोडलेल्या स्थळांचा जाणीवपूर्वक विचार झाला असावा, असे जॉन फ्रिट्झ व जॉर्ज मिशेल या अभ्यासकांनी मांडले आहे.

मंदिरे उभी आणि महाल नाहीसे झालेले, असे चित्र या भागात का दिसते, हा प्रश्न प्रवाशांना हमखास पडतो. मंदिरांचे स्तंभ, भिंती व छत ग्रॅनाइटचे होते. राजवाड्यांचे केवळ चौथरे दगडी असून त्यांवरील खांब व छत लाकडाचे होते. आगीत लाकूड जळाले आणि चौथरे उरले. मंदिरांच्या गोपुरांचा वरचा भाग विटा व चुन्याचा असल्यामुळे तो पुष्कळ ठिकाणी ढासळला, तर खालचा दगडी भाग टिकला. कमळ महाल, हत्तीशाळा यांसारख्या काही राजवास्तू दगड-चुन्यात बांधलेल्या असल्याने शिल्लक राहिल्या. त्यांतील कमानी व घुमट बहमनी वास्तुशैलीशी नाते सांगतात. युद्ध करणाऱ्या राज्यांमध्ये कारागिरीची देवाणघेवाण चालू होती, याचा हा पुरावा होय.

मार्गदर्शक, कथा व पुरावा

पर्यटन खात्याचे परवानाधारक मार्गदर्शक येथे उपलब्ध असतात. त्यांच्या निवेदनात शिलालेखांतील माहिती, परदेशी प्रवाशांची वर्णने आणि लोककथा यांचे मिश्रण असते. श्रोत्याने त्यांतील भेद लक्षात घेणे इष्ट ठरते.

शहराची वर्णने लिहिणाऱ्यांत इटलीचा निकोलो कोंती, १४४३ मध्ये आलेला इराणी वकील अब्दुर रझ्झाक, तसेच सोळाव्या शतकातील पोर्तुगीज दोमिंगो पाइश व फर्नाव नुनिश हे प्रमुख आहेत. पाइशने महानवमीचा उत्सव प्रत्यक्ष पाहून वर्णिला आहे. दोन्ही पोर्तुगीज वृत्तांतांचे भाषांतर रॉबर्ट स्यूएल याने १९०० मध्ये आपल्या विजयनगरविषयक ग्रंथात प्रसिद्ध केले.

याउलट 'कमळ महाल', 'राणीचे स्नानगृह', 'जनाना आवार' ही वास्तूंची नावे नंतरच्या काळात रूढ झालेली आहेत. नावावरून वास्तूचा मूळ उपयोग सिद्ध होत नाही. जनाना आवारात केवळ स्त्रियाच राहत होत्या, असे मानण्यास समकालीन आधार नाही. हत्तीशाळा त्याच आवाराला लागून आहे, ही बाबही येथे विचारात घ्यावी लागते.

विठ्ठल मंदिराच्या महामंडपातील 'संगीत स्तंभ' हे असेच दुसरे उदाहरण आहे. एकाच शिळेतून मुख्य स्तंभाभोवती बारीक उपस्तंभ कोरलेले असून त्यांवर हलका आघात केल्यास नाद उमटतो. नादाचे रहस्य शोधण्यासाठी इंग्रजांनी काही उपस्तंभ कापले व ते भरीव निघाले, अशी कथा सांगितली जाते. नादासाठी पोकळीची आवश्यकता नसते. बारीक, लांब व भरीव दगडही आघाताने कंप पावतो. वर्षानुवर्षांच्या आघातांनी स्तंभांची हानी होऊ लागल्यामुळे आता ते वाजविण्यास मनाई आहे.

महाराष्ट्रातील परंपरा

मराठी प्रवाशांच्या दृष्टीने विठ्ठल मंदिराला वेगळे महत्त्व आहे. कृष्णदेवरायाने पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरास नेली आणि संत एकनाथांचे पणजोबा संत भानुदास यांनी ती पंढरपुरास परत आणली, अशी वारकरी परंपरेतील कथा आहे. आज हंपीच्या या मंदिराचा गाभारा रिकामा आहे. ही मूर्ती ठेवण्यासाठीच मंदिर बांधले, असेही काही वेळा सांगितले जाते. परंतु मंदिराचे मूळ बांधकाम कृष्णदेवरायाच्या आधीच्या शतकातील असल्याचे सामान्यतः मानले जाते व त्याच्या काळात त्यात भर पडली. गाभाऱ्याच्या रिक्तपणाचे स्पष्टीकरण १५६५ नंतरच्या विध्वंसातूनही मिळू शकते. भानुदासांच्या कथेचे स्थान श्रद्धेच्या इतिहासात मोठे आहे. वास्तूचा कालनिर्णय मात्र शिलालेख व बांधकामशैली यांवरून करावा लागतो.

जतन व वाद

स्मारकांचे जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते करते. कमलापूर येथे खात्याचे संग्रहालय असून त्यातील परिसराची प्रतिकृती सहलीच्या आरंभी पाहिल्यास पुढील स्थळांचा परस्परसंबंध ध्यानात येतो.

आनेगुंदीजवळ नदीवर बांधल्या जाणाऱ्या आधुनिक पुलामुळे १९९९ मध्ये युनेस्कोने हंपीला धोक्यातील वारशांच्या यादीत टाकले. २००६ मध्ये ते या यादीतून वगळले गेले. हा पूल जानेवारी २००९ मध्ये बांधकाम चालू असताना कोसळला व त्यात कामगारांचा मृत्यू झाला. जुलै २०११ मध्ये विरूपाक्ष बाजारातील मंडपांत व त्यांच्या लगत राहणाऱ्या कुटुंबांची घरे आणि दुकाने हटवण्यात आली. प्राचीन मंडपांचे संरक्षण हा त्यामागील हेतू होता. तथापि पिढीजात यात्रेकरूंची सेवा करणाऱ्या रहिवाशांविना बाजार जिवंत राहतो काय, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे. नदीपलीकडील विरूपापूर गड्डी येथील अनधिकृत निवासस्थळे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०२० मध्ये पाडण्यात आली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये काही तरुणांनी एका मंदिराचा स्तंभ ढकलून पाडल्याचे चित्रीकरण प्रसृत झाले. न्यायालयाने त्यांना दंड केला व पाडलेले स्तंभ पुन्हा उभे करावयास लावले. मे २०२४ मध्ये विरूपाक्ष बाजारातील मंडपांचा काही भाग पावसात कोसळला. मनुष्यहानीची भीती नसतानाही पाऊस, मुळे आणि पायाची झीज यांनी या वास्तू सतत दुर्बल होत असतात, हे या घटनेने दाखवून दिले.

प्रवाशांसाठी सूचना

विठ्ठल मंदिर व जनाना आवार यांच्या प्रवेशासाठी एकच तिकीट त्याच दिवशी चालते, त्यामुळे ही दोन्ही स्थळे एका दिवसात पाहण्याचा क्रम ठरविणे सोयीचे असते. स्तंभांवर आघात करणे, शिल्पांवर चढणे, दगडी रथाला हात लावणे किंवा दगडावर नावे कोरणे निषिद्ध आहे. विरूपाक्ष हे चालू पूजास्थान असल्याने तेथे पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात. मातंग टेकडीची चढण उंच व ओबडधोबड पायऱ्यांची असून ती अंधारात एकट्याने चढणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात तुंगभद्रा धरणातून पाणी सोडल्यावर नदीची पातळी वाढते. अशा वेळी गोल टोपल्यासारख्या होडीतून (हरिगोल) होणारी वाहतूक बंद ठेवली जाते आणि आनेगुंदीस रस्त्याने वळसा घालून जावे लागते.