ट्रान्सफर केस ‘गेली’ म्हणण्यापूर्वी

पालघर जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या कोळगावच्या सपाट डांबरी रस्त्यावरून जव्हार-मोखाड्याच्या घाटांकडे निघणाऱ्या जीप, जिप्सी किंवा थारमध्ये गिअरबॉक्सकडून आलेली शक्ती पुढच्या व मागच्या आसांना वाटून देणारी जी पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. ती आतून झिजल्याचा निष्कर्ष मात्र बहुधा भलत्याच लक्षणावरून काढला जातो.

फोर-हायमधून (चारही चाकांना शक्ती देणाऱ्या हाय रेंजमधून) लिव्हर परत येत नाही, म्हणजे आतले दाते गेले, हा अशा समजांतील सर्वांत रूढ समज होय. गरजेपुरत्या जोडल्या जाणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये दोन आसांच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात, चिखलात तो फरक चाके घसरून भरून निघतो, पण कोरड्या डांबरावर शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि लिव्हर अडकतो. गाडी थोडी मागे घेताच तो सुटला, तर दोष पेटीचा नसून वापराचा, किंवा पुढच्या-मागच्या टायरांच्या असमान घेराचा असतो.

आवाजाचा अर्थ रचनेनुसार बदलतो. विलीज घराण्याच्या जुन्या जीपमध्ये टू-हायलाही (फक्त मागची चाके जोडलेली असतानाही) शक्ती मधल्या गिअरमधूनच जात असल्याने थोडी घरघर स्वाभाविक असते. ज्या पेटीत हाय रेंजची शक्ती थेट जाते, तिथे केवळ फोर-लोमध्ये येणारा आवाज लो रेंजच्या गिअरांकडे बोट दाखवतो. पुढच्या आसाला शक्ती साखळीने पोहोचत असेल आणि फोर-व्हीलमध्ये चढावर जोर लावताच कडकड झटके बसत असतील, तर साखळी ‘ताणली’ असे गॅरेजमध्ये म्हटले जाते. वस्तुतः कड्या लांबत नाहीत, प्रत्येक सांध्यातील पिनेची किंचित झीज एकत्र येऊन साखळी सैल होते व दात चुकवते. क्लच सोडताना होणारा एकच ‘खट्’ मात्र बहुतेकदा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा असतो, आणि क्रॉस बदलणे पेटी उघडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

ऑईल काढल्यावर प्लगच्या चुंबकाला चिकटलेला बारीक करडा लेप नेहमीच्या झिजेचा असतो, धातूचे चकचकीत तुकडे नव्हेत. दुधाळ रंग आला असेल तर पाणी शिरले आहे, आणि ते बहुधा ओढा ओलांडताना ब्रीदरच्या नळीतून आलेले असते. मागचा ऑईल सील बदलूनही पुन्हा गळत असेल, तर तिसरा सील बसवण्याऐवजी चाकांना ओट लावून, प्रोपेलर शाफ्ट सोडवून फ्लँज हाताने वर-खाली हलवून पाहावा: तिथे चाल जाणवली, तर सील निर्दोष असून त्यामागचे बेअरिंग किंवा बुश झिजलेले असते.