विश्लेषण : उत्पन्न घटले तरी घरपट्टी कायम! कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मालमत्ता करात सवलत मिळते का?

गृहकर्ज फिटलेले असते, घर स्वतःच्या नावावर असते, पण नोकरी संपलेली असते. अशा वेळी हप्ता नसला, तरी घरपट्टीचे बिल दरवर्षी येतेच. खासगी क्षेत्रातून निवृत्त झालेल्यांसाठीच्या ईपीएस-९५ योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरले. श्रावणबाळ योजनेचे मासिक अर्थसाहाय्य २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आले. समजा, अशा आजींच्या घराचे वार्षिक बिल ९ हजार रुपये आहे. म्हणजे सहा महिन्यांचे अर्थसाहाय्य केवळ घरपट्टीत जाणार. मग अशा ज्येष्ठांसाठी सवलत आहे का? असेल तर ती कशी मिळते?

घरपट्टी ठरते कशी?

जमीन व इमारतींवरील कर हा राज्यघटनेनुसार राज्यसूचीतील विषय आहे. वसुली महापालिका करते, पण नियम राज्याच्या कायद्याने ठरतात. पुण्यासारख्या शहरांत घर भाड्याने दिल्यास वर्षाला किती भाडे येऊ शकेल, याचा अंदाज घेतला जातो. त्यातून देखभाल-दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करून करपात्र मूल्य काढतात. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित पद्धत आहे. तिथे रेडीरेकनरचे दर, क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचे वय विचारात घेतले जाते.

दोन्ही पद्धतींत इमारतीचे वय मोजले जाते, मालकाचे नाही. त्याच्या उत्पन्नासाठीही या सूत्रात जागा नाही. प्राप्तिकराचे तसे नाही. जुन्या करप्रणालीत ६० वर्षांवरील व्यक्तींना ३ लाख, तर ८० वर्षांवरील व्यक्तींना ५ लाख रुपयांपर्यंत कर नाही. ज्यांचे उत्पन्न मुळातच करपात्र नाही, त्यांना या सवलतीचा उपयोग शून्य. घरपट्टी मात्र त्यांनाही भरावीच लागते.

मुंबईतील करमाफीने प्रश्न सुटला का?

काही प्रमाणात. मुंबई महापालिका हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या (४६.४५ चौरस मीटर) निवासी घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. चाळीतील आणि लहान सदनिकांतील असंख्य ज्येष्ठांना त्याचा थेट फायदा झाला.

पण हा निकष घराच्या आकाराचा आहे. चांगला पगार असलेल्या तरुण जोडप्याच्या ४८० चौरस फुटांच्या घराला करमाफी मिळते. शेजारच्या इमारतीत ५२० चौरस फुटांच्या घरात एकट्या राहणाऱ्या निवृत्त आजींना बिल भरावे लागते.

पुण्यातील ४० टक्के सवलत कोणाला?

मालक स्वतः राहत असलेल्या घरासाठी ही सवलत आहे. वय आणि उत्पन्नाची अट नाही. ज्येष्ठांच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी सवलत ठरते, कारण बहुतेकांचे एकच घर असते आणि त्यातच ते राहतात. मात्र बिलात सवलत लागलेली नसेल, तर पीटी-३ अर्ज भरून द्यावा लागतो. घरात स्वतः राहत असल्याचा पुरावा म्हणून सोसायटीचे पत्र आणि रहिवासाचे कागद जोडावे लागतात. आपोआप काही होईल या भरवशावर राहिल्यास पूर्ण दराने आकारणी सुरू राहू शकते.

याशिवाय मुदतीत बिल भरणाऱ्यांना सर्वसाधारण करात सूट मिळते. वार्षिक कर २५ हजार रुपयांपर्यंत असल्यास १० टक्के, त्याहून जास्त असल्यास ५ टक्के. पण एकरकमी पैसे हाताशी असणाऱ्यांनाच तिचा लाभ घेता येतो.

महापालिका स्वतःच ज्येष्ठांना सवलत का देत नाही?

याचे उत्तर पुण्याच्याच अनुभवात आहे. ४० टक्के सवलत १९७० पासून महापालिकेच्या ठरावाने दिली जात होती. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, की कायद्यात अशी तरतूदच नाही. त्यामुळे सवलत थांबली आणि नव्या मिळकतींना पूर्ण दराने बिले आली. अखेर २०२३ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयानंतर ती पुन्हा लागू झाली. म्हणजेच केवळ सभागृहात ठराव करून भागत नाही. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी टिकाऊ सवलत हवी असेल, तर राज्याच्या कायद्यात तशी तरतूद लागेल.

इतर घटकांसाठी अशा सवलती आहेत. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी राज्याने २०२० मध्ये मालमत्ता करमाफीची योजना आणली. पिंपरी-चिंचवडमध्ये महिलांच्या नावावरील घरांना सूट दिली जाते. दिल्लीत तर ज्येष्ठ नागरिकांना थेट सवलत आहे. स्वतः राहत असलेल्या एका घराच्या २०० चौरस मीटरपर्यंतच्या क्षेत्रावर ती ३० टक्के मिळते. पण तिथेही वय पाहिले जाते, उत्पन्न नाही.

बिल थकले तर काय होते?

महापालिका कायद्यानुसार थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ९ हजार रुपये वर्षभर थकले, तर शास्तीच २,१६० रुपये होते. बँकेतील मुदत ठेवीवर ज्येष्ठांना मिळणाऱ्या व्याजापेक्षा हा दर कितीतरी जास्त आहे.

अधूनमधून अभय योजना येते आणि शास्तीत मोठी सूट मिळते. त्याचा फायदा थकबाकीदारांना होतो. औषधांच्या खर्चाला कात्री लावून वेळेवर बिल भरणाऱ्या ज्येष्ठांना त्यातून काहीच मिळत नाही. शिवाय सूट शास्तीत असते, मूळ कर भरावाच लागतो.

इतर देशांत काय पद्धत आहे?

अमेरिकेत या सवलतीचे नावच ‘सर्किट ब्रेकर’ आहे. घरातील विजेच्या बोर्डावर एमसीबी असतो. भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की तो खाली पडतो आणि वायरिंग वाचते. इथे भार म्हणजे कर, आणि मर्यादा म्हणजे उत्पन्नातील वाटा. विस्कॉन्सिन राज्याने १९६४ मध्ये ज्येष्ठांसाठी ही पद्धत आणली. नंतर अनेक राज्यांनी ती आपापल्या नियमांनी स्वीकारली.

एक काल्पनिक हिशेब पाहू. उत्पन्नाच्या पाच टक्के ही मर्यादा धरली आणि आजोबांचे वार्षिक उत्पन्न ६० हजार रुपये असेल, तर त्यांच्या खिशातून ३ हजारच जातील. ९ हजारांच्या बिलातील उरलेले ६ हजार राज्य सरकार देईल. महत्त्वाचे म्हणजे, महापालिकेचे उत्पन्न बुडत नाही.

दुसरा मार्ग कर पुढे ढकलण्याचा. अमेरिकेतील ओरेगॉन आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात पात्र ज्येष्ठांना तशी मुभा आहे. कर माफ होत नाही, तो घरावर बोजा म्हणून व्याजासह चढतो. पुढे घर विकले गेले किंवा वारसांकडे गेले, की वसूल होतो.

इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्सवर उत्पन्न आणि बचत पाहून सूट दिली जाते. निवृत्तीचे वय गाठलेल्यांसाठीचे नियम देशपातळीवर ठरतात आणि अगदी कमी उत्पन्न असल्यास पूर्ण करही माफ होऊ शकतो. पण तिथेही अर्ज करावाच लागतो.

महाराष्ट्रात हे शक्य आहे का?

यंत्रणा काही अंशी तयार आहे. श्रावणबाळ योजनेसाठी वार्षिक उत्पन्नाची २१ हजार रुपयांची मर्यादा तपासूनच लाभार्थी निवडले जातात. ही यादी घरपट्टीच्या नोंदींशी जोडली, तर सर्वांत गरजू ज्येष्ठ सापडू शकतात. मात्र कागदोपत्री उत्पन्न कमी आणि बंगला मोठा, अशी उदाहरणेही निघतील. त्यासाठी एकच घर, त्यात स्वतःचे वास्तव्य आणि क्षेत्रफळाची कमाल मर्यादा अशा अटी घालाव्या लागतील. भाड्याने राहणारे ज्येष्ठ मात्र या सवलतीच्या बाहेरच राहतील. आणि खरा प्रश्न पैशांचा आहे. राज्याने भरपाई दिली नाही, तर महापालिका अशा सवलतीला तयार होणे कठीण.

तोपर्यंत ज्येष्ठांनी काय करावे?

* बिलावरील क्षेत्रफळ आणि वापराचा प्रकार तपासा. निवासी घराची नोंद बिगरनिवासी असेल, तर कर खूप वाढतो.
* जोडीदाराच्या निधनानंतर बिलावरील नाव बदलून घ्या. सवलतीचा अर्ज मालकाच्या नावाने करावा लागतो.
* घरात स्वतः राहत असल्याचे पुरावे एकत्र ठेवा. काही महिने मुलांकडे राहायला जात असाल, तर ते विशेष गरजेचे.
* कुटुंबात माजी सैनिक असतील, तर करमाफीची चौकशी करा.
* हरकत असेल तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोहोच घ्या. वाद सुरू आहे म्हणून बिल भरणे थांबवू नका, शास्ती वाढत राहते.

आज महाराष्ट्रातील कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना जी काही सूट मिळते, ती घराच्या आकारामुळे, तिथे स्वतः राहत असल्यामुळे किंवा बिल लवकर भरल्यामुळे. ‘हे बिल भरणे तुम्हाला परवडते का?’ असा प्रश्न मात्र अजून कोणत्याही अर्जात विचारला जात नाही.