ताहोचे निळेपण अंगणात ठरते

पंचवीस सेंटिमीटर व्यासाची पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी झाली की दोरी किती खोल उतरली ते मोजायचे. इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी १८६५ साली ही पद्धत वापरली. कॅलिफोर्निया आणि नेवाडा या अमेरिकी राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडा पर्वतरांगेत ताहो नावाचे सरोवर आहे. तिथे १९६८ पासून ही तबकडी नियमितपणे सोडली जाते. पहिल्या वर्षी ती सरासरी ३१ मीटर खोलीपर्यंत दिसत होती. २०१७ साली ती १८ मीटरच्या आसपासच दिसेनाशी होऊ लागली. पाण्याची पारदर्शकता अशी का घटली, याचा शोध शास्त्रज्ञांना सरोवरातून काठावरच्या वस्तीत घेऊन गेला.

ताहो १,८९७ मीटर उंचीवर आहे. त्याची कमाल खोली ५०१ मीटर, तर विस्तार जवळपास ५०० चौरस किलोमीटर. ६३ ओढे-नद्या त्याला येऊन मिळतात, बाहेर पडते ती एकटी ट्रकी नदी. तीही समुद्रापर्यंत पोहोचत नाही, नेवाडाच्या वाळवंटातल्या पिरॅमिड सरोवरात संपते. ताहोत शिरलेले पाणी सरासरी ६५० वर्षे तिथेच राहते. म्हणून इथे झालेली घाण पुढच्या पावसात वाहून जाईल, अशी सोय नाही.

मैला डोंगरापार

दुसऱ्या महायुद्धानंतर इथे हॉटेले, कॅसिनो आणि सुट्टीतली घरे झपाट्याने वाढली. सरोवराभोवती मोठे शहर वसवण्याच्या आणि एमराल्ड बे या देखण्या खाडीवरून पूल नेण्याच्या योजना निघाल्या. त्यांना विरोध करण्यासाठी १९५७ मध्ये नागरिक एकत्र आले. त्यांची संस्था पुढे ‘लीग टू सेव्ह लेक ताहो’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ‘कीप ताहो ब्लू’ हे तिचे घोषवाक्य आज असंख्य गाड्यांवर दिसते. याच सुमारास प्रा. चार्ल्स गोल्डमन यांनी सरोवराचा अभ्यास हाती घेतला. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळाला खत पुरवतो, हे धोक्याचे होते. अखेर प्रक्रिया केलेले सांडपाणीसुद्धा सरोवराच्या पाणलोटात सोडायचे नाही, असे ठरले. साउथ लेक ताहो शहराचे सांडपाणी प्रक्रियेनंतर पंपाने लुथर खिंडीपलीकडे नेले जाते आणि तिथल्या शेतीला वापरले जाते.

सोळा मायक्रॉनचे कोडे

सांडपाणी थांबले, तरी तबकडी आणखी कमी खोलीवर दिसेनाशी होतच राहिली. उत्तर सापडले ते मातीच्या अतिसूक्ष्म कणांत. सोळा मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाव भागापेक्षाही बारीक असे हे कण तळाशी लवकर बसत नाहीत. ते पाण्यात तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरतात. त्यांतले सुमारे ७२ टक्के कण वस्तीच्या जमिनीवरून येतात, असे अभ्यासांत आढळले. पाणलोटाचा बहुतांश भाग जंगलाचा आहे. वस्तीची जमीन तुलनेने थोडी, तरी गढूळपणाचा मोठा वाटा तिचाच.

हिवाळ्यात गाड्या घसरू नयेत म्हणून रस्त्यांवर वाळू टाकतात. टायरखाली तिचे जात्यात दळल्यासारखे पीठ होते आणि बर्फ वितळले की गटारांतून थेट सरोवरात जाते. म्हणून रस्ते झाडणारी यंत्रे इथे पर्यावरण रक्षणाचे साधन ठरली. दलदली गाळ अडवतात, हेही उशिरा उमगले. १९६० च्या दशकात, सरोवराला येऊन मिळणाऱ्या अप्पर ट्रकी नदीच्या मुखाजवळची मोठी दलदल भरून ‘ताहो कीज’ ही वसाहत उभारली गेली. आता उरलेल्या दलदलीला पुन्हा जिवंत करण्यासाठी मोठा खर्च करावा लागतो आहे.

घरमालकांवरही जबाबदारी आली. पागोळ्या पडतात तिथे चर खणून खडी भरायची, म्हणजे छतावरचे पाणी माती न उकरता जमिनीत मुरते. गाडीची कच्ची वाट पक्की करायची. उघड्या उतारावर स्थानिक झुडपे लावायची, हिरवळीला खत शक्यतो घालायचे नाही.

पाणी की आग?

जून २००७ मध्ये अँगोरा वणव्याने साउथ लेक ताहोजवळची अडीचशेहून अधिक घरे जाळली आणि एक खरा पेच उघडा पडला. माती धरून ठेवायला पाइनच्या सुयांचा थर हवा, पण त्याच सुया घराजवळ आग आणतात. पाणी राखणारे नियम आणि आग टाळणारे नियम एकमेकांविरुद्ध उभे राहिले. दोन्ही राज्यांनी आयोग नेमला आणि नियमांचा मेळ घातला गेला. घराला लागून खडीसारखे न जळणारे आवरण असावे आणि सुयांचा पातळ थर त्यापलीकडे राहावा, हा त्यातला व्यवहार्य मार्ग. शाश्वत जगणे म्हणजे अशा ओढाताणीतून पुन्हा पुन्हा वाट काढणे.

राखण आणि धडा

लीगचे स्वयंसेवक वादळी पावसात गटारांच्या तोंडाशी जाऊन नमुने घेतात. काही जण पोहताना, वल्हवताना परक्या पाणवनस्पतींवर नजर ठेवतात. २००७ मध्ये नेवाडाच्या सीमेवरच्या लेक मीड जलाशयात परके क्वागा शिंपले सापडले. त्यानंतर २००८ पासून ताहोत उतरणाऱ्या मोटरबोटींची तपासणी सक्तीची झाली. परक्या जीवांची ही धास्ती अनुभवातून आलेली आहे. १९६० च्या दशकात माशांना खाद्य म्हणून मायसिस ही छोटी कोळंबी सरोवरात सोडली होती. दिवसा ती अंधाऱ्या खोलीत दडते, त्यामुळे माशांच्या हाती फारशी लागत नाही. रात्री वर येऊन तिने शेवाळ आणि बारीक कण गाळून खाणारा डॅफ्निया हा प्राणिप्लवकच फस्त केला. पुढे मायसिसची संख्या अचानक कोसळली, डॅफ्निया परतला आणि २०२२ च्या अखेरच्या महिन्यांत तबकडी जवळपास २५ मीटरपर्यंत दिसू लागली. पण निसर्गाने दिलेली अशी उसंत टिकेलच असे नसते. किनाऱ्यावरचे काम थांबवता येत नाही.

२०११ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्याने पारदर्शकता पुन्हा सुमारे ३० मीटरवर नेण्यासाठी ६५ वर्षांची मुदत ठेवली आहे. आज अंगणात चर खणणाऱ्या अनेकांना ते पाणी पाहायला मिळणार नाही, तरी ते खणत आहेत. कुठल्याही डोंगरगावातले तळे गढूळले की पहिली मागणी गाळ उपसण्याची होते. ताहो सांगतो, गाळ येतो कुठून हे आधी मोजा. तबकडी आणि दोरी कोणत्याही शाळेला परवडेल. पन्नास वर्षे न चुकता मोजणारे आणि आकडा वाईट आला तर स्वतःच्या अंगणापासून बदलणारे गाव मात्र घडवावे लागते.