नाव लागलं म्हणजे मालकी आली?

घरातलं कर्तं माणूस गेलं की दिवस-कार्य आटोपताच एक शब्द कानावर येऊ लागतो : 'नाव लावणं'. सातबाऱ्यावर नाव लावायचं, सोसायटीत नाव लावायचं. बँकेत तर नाव आधीच लागलेलं असतं. वारसाहक्काचे निवाडे वाचता वाचता माझं मत असं बनलं आहे की, भावाबहिणींमधले कित्येक तंटे या एका क्रियापदात दडलेले असतात. कारण नाव लागणं आणि मालकी मिळणं या दोन गोष्टी कायद्याने कधी एक मानलेल्या नाहीत.

नॉमिनीचंच पाहा. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सरबती देवी खटला आला. विम्याच्या पॉलिसीवर पत्नीचं नाव, नवरा मृत्युपत्र न करता गेलेला, आणि आई व मुलगा वाटा मागत होते. न्यायालयाने सांगितलं, नॉमिनीने रक्कम हाती घ्यायची; ती आहे वारसांची. (हिंदू पुरुषाच्या मागे पत्नी व मुलांइतकाच वाटा त्याच्या आईला असतो, याची आठवण घरात सहसा आईलाच असते!) शेअर्सच्या बाबतीत मात्र २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने नॉमिनीला मालक ठरवलं. तो गोंधळ उच्च न्यायालयाच्याच खंडपीठाने २०१६ साली निस्तरला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. हे प्रकरण 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीचं होतं. त्यांनी २०११ साली मृत्युपत्र केलं होतं, पण म्युच्युअल फंडांवर नॉमिनी नेमलेले होते. नॉमिनेशनने वारसा कायदा बाजूला सारता येत नाही, असा निर्वाळा मिळाला. विम्यापुरती २०१५ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांचा दर्जा वेगळा.

सोसायटीच्या फ्लॅटचंही तेच. महाराष्ट्रात २०१९च्या दुरुस्तीनुसार नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद.

सातबारा जरा निराळा. वारसांची नोंद गाव नमुना ६-कमध्ये होते, मग फेरफार, मग सातबारा. ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण तिचा हेतू शेतसारा कोणाकडून घ्यायचा एवढाच. तिच्यातून मालकी जन्मत नाही. फेरफारात बहिणीचं नाव गळलं म्हणून तिचा हक्क बुडत नाही. सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं.

आता नाण्याची दुसरी बाजू, देणं. कल्याणीच्या विज्ञानेश्वराच्या 'मिताक्षरे'पासून बापाचं ऋण फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानलं गेलं आणि इंग्रजी न्यायालयांनीही ते उचललं. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांना ते लागू नाही; केवळ मुलगा आहे म्हणून सावकार दारात उभा राहू शकत नाही. देणं मिळकतीच्या मागे जातं. घरपट्टीची थकबाकी त्या घरावरच बोजा म्हणून बसते.

वारसा मिळाल्याबद्दल कर नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ साली गेली. मात्र गेलेल्या माणसाची आयकराची बाकी उरते. आयकर कायदा ती वारसावर टाकतो, पण मिळकतीपुरतीच. बाकी चार लाखांची आणि मागे उरलेलं दीड लाखाचं, तर वसुली दीड लाखापुढे जात नाही. बाकी न भागवता ठेवी मोडून वाटल्या, तर तेवढ्या रकमेपुरती जबाबदारी व्यक्तिशः येते. आणि इथे 'कायदेशीर प्रतिनिधी' या शब्दात फक्त वारस येत नाहीत. मिळकतीत हात घालणारा कोणीही येतो. म्हणजे बँकेत नाव लागलं म्हणून ठेव काढून खर्च करून बसलेला पुतण्या मालक ठरणार नाही, पण कराच्या नोटिशीवर त्याचं नाव लागू शकतं.