रोहूला पाऊस कोण सांगतं?

आषाढात लखनौच्या आलमबागेत रोहू घेतला, तर बऱ्याचदा पोटात गाभोळी निघते. खवय्यांची चंगळ! पण नदीतली जाळी आवरायची ती याच दिवसांत, कारण ही अंडी अजून पाण्यात पडायची असतात. पूर चढला, गढूळ पाणी काठावर पसरलं, की माशाच्या मेंदूखालची इवलीशी पीयूषिका ग्रंथी रक्तातून निरोप धाडते: आता सोडा. तळ्यात पूर नाही, म्हणून निरोपही नाही; अंडी अंगातच जिरतात. १९५७ साली ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हीरालाल चौधरींनी दुसऱ्या माशांच्या ग्रंथीचा अर्क टोचून हा निरोप बाहेरून पोचवला. मत्स्यशेतीसाठी रोहूचं बीज आजही बहुतेक असंच, टोचून मिळवतात. आणि अंडी सोडल्यावर? पॅसिफिकमधला सॅमन मरतो. रोहू मात्र पुढच्या पावसाळ्यातही येतो, जाळ्यातून सुटला तर.