आत्यांच्या पेडलचा इंटरनॅशनल

संपादकांनी दिवाळी अंकासाठी जुन्या यंत्रांवर लिहायला सांगितलं, तेव्हा मनात छापखाने होते, हातमाग होते. तेवढ्यात कळलं की तासगाव रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये इंटरनॅशनल बी-275 उघडलाय. मग छापखाने मागे पडले.

ट्रॅक्टर क्लचपाशी दुभंगून ठेवला होता. इंजिन आणि पुढची चाकं एका घोडीवर, गिअरबॉक्स आणि मागची मोठी चाकं दुसरीकडे. ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लचचं घर आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडले की तोच त्याचा कणा. त्यामुळे क्लच प्लेट बदलायची तरी अख्खा ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो.

कंपनीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1963 साली महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. हार्वेस्टरच्या इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड कारखान्यातलं बी-275 हे मॉडेल मुंबईत कांदिवलीला तयार होऊ लागलं. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, 35 हॉर्सपॉवर, पुढचे आठ गिअर, मागचे दोन. 1977 साली ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. पण आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी आजही ‘इंटरनॅशनल’च आहे.

मला खिळवून ठेवलं ते मिस्त्रींनी. वय सत्तरीच्या आसपास. कामाला सुरुवात किर्लोस्करवाडीजवळच्या एका लेथवर. किर्लोस्करांनी 1910 साली त्या माळावर कारखाना नेला, तेव्हापासून या पट्ट्यात लोखंडावर हात बसलेली माणसं तयार होत आली आहेत. लायनर, पिस्टन, रिंगा यांबद्दल मिस्त्री फारसं बोलत नाहीत. ती कामं त्यांच्या लेखी झालीच. त्यांचं सगळं लक्ष डिझेल पंपाच्या शेपटाकडच्या एका गोल डबीवर होतं. ती उघडून त्यांनी माझ्या हातावर चामड्याची एक चकती ठेवली.

“ह्यो डायफ्राम. ह्यो फाटला न्हवं, तर इंजन आवरत न्हाई.”

हा हवेवर चालणारा गव्हर्नर. इंजिन हवा ओढतं त्या नळीत एक अरुंद गळा असतो आणि त्यात ॲक्सिलरेटरने उघडमीट होणारी झडप. तिथून एक बारीक पाइप या डबीकडे येतो. झडप मिटत आणली की गळ्यात ओढ वाढते. ती ओढ चामड्याला खेचते, चामडं पंपातली दांडी मागे घेतं आणि डिझेल कमी होतं. नांगर घट्ट जमिनीत शिरला की इंजिनाचा वेग पडतो, ओढ सैल होते, मग मागची स्प्रिंग दांडी पुढे ढकलते आणि डिझेल आपोआप वाढतं. चालवणाऱ्याने काहीच करायचं नाही. जमीन बदलली हे आधी त्या चामड्याला कळतं. नांगरताना इंटरनॅशनलचा आवाज दाटून येतो आणि पुन्हा मोकळा होतो, तो यामुळेच.

चामडं वाळलं, बारीक चीर पडली की इंजिन एका जागी उभं असतानाही वरखाली गुरगुरतं. पूर्ण फाटलं तर ओढ नाहीशी होते, स्प्रिंग मोकळी सुटते, आणि कोणी स्टॉप ओढेपर्यंत इंजिन किंचाळत राहतं. मिस्त्रींनी जुनी चकती उजेडासमोर धरली. कडेला सुईच्या टोकाएवढी तीन भोकं होती. ट्रॅक्टर शेवटी शेवटी “अंगावर यायचा” असं घरचे म्हणत होते, त्याचं कारण तिथे दिसत होतं.

घरचे म्हणजे तासगाव तालुक्यातलं एक शेतकरी कुटुंब. आजोबांनी जमीन तारण ठेवून भूविकास बँकेचं कर्ज काढलं आणि हा ट्रॅक्टर आणला. 7/12 वरचा बोजा उतरायला बरीच वर्षं गेली. 1972 च्या दुष्काळात याने नांगरापेक्षा पाण्याची पिंपंच जास्त ओढली. पुढे रानात द्राक्षबागा आल्या. बागेच्या दोन ओळींत हा मावेना, लहान ट्रॅक्टर घेतला गेला आणि इंटरनॅशनल शेडमध्ये गेला.

दुरुस्तीचा खर्च पुण्यात नोकरी करणारा नातू करतोय. त्याला ट्रॅक्टर शोरूममधून आल्यासारखा लालभडक हवाय. मिस्त्रींनी त्याला क्लचचं पेडल दाखवलं. त्यावर लोखंडाचा एक ठोकळा ओबडधोबड वेल्डिंग करून बसवलेला होता. “ह्यो तोडून घासून घेऊ?” नातू हो म्हणणार, तेवढ्यात बरोबर आलेल्या आत्या पुढे झाल्या. वडील एक हंगाम अंथरुणाला खिळले होते, तेव्हा चौदा वर्षांच्या आत्यांनी हा ट्रॅक्टर चालवला. पाय पुरत नव्हता म्हणून गावच्या लोहाराने तो ठोकळा लावून दिला.

“बाकी काय रंगवायचं ते रंगव,” आत्या म्हणाल्या, “त्याला हात लावायचा नाही.”

ठोकळा राहिला. माझ्या मते जुनं यंत्र दुरुस्त करताना खरं कौशल्य इथेच लागतं. झिजलेलं बेअरिंग बदलायचंच असतं, पण माणसाने यंत्राला आपल्या मापाचं केलं ती खूण पुसली, तर उरतो तो कुणाचाही ट्रॅक्टर.

अडचणी याच्या पुढच्या आहेत. टायर मिळतात, रिंगा मिळतात, राजकोट-लुधियानाचा माल दुकानात येतो. डायफ्राम मिळाला तो रबरी कापडाचा. मिस्त्रींना चामडंच हवं होतं, पण मऊ कमावलेलं, एकसारख्या जाडीचं चामडं मिळेना. पंपवाले आहेत, मात्र बहुतेकांचा हात यांत्रिक गव्हर्नरवर बसलेला. हवेचा गव्हर्नर बेंचवर लावायचा तर ओढ मोजून लावावी लागते, आणि ते काम ओळखीने, विनवण्या करून करून घ्यावं लागलं. मिस्त्रींच्या हाताखालची पोरं हुशार आहेत, पण ती शिकतायत नव्या ट्रॅक्टरवर, आणि त्यात त्यांची चूकही नाही. पोट त्यावरच आहे.

सगळ्यात मोठा अडसर कागदाचा. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षं चालते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरचं ते कोण करणार? याचा नंबर अजून ‘एम’ने सुरू होणारा, तीन अक्षरांचा. केंद्र सरकारने 2021 साली पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचा नियम केला. पण त्यात दुचाकी आणि माणसं नेणारी चारचाकीच बसतात. मुंबईतल्या एखाद्या संस्थानिकाच्या मोटारीला हा देश मान देतो. ज्याने दुष्काळात गावाला पाणी पाजलं, त्या ट्रॅक्टरला त्या नियमात रकाना नाही. हे मला मनापासून खटकतं. परिवहन खात्याने त्या व्याख्येत शेतीचा ट्रॅक्टर घालावा. त्यासाठी खर्च येत नाही, एक दुरुस्ती पुरते.

आणि तुमच्या गोठ्यामागे एखादा इंटरनॅशनल, फोर्ड किंवा झेटॉर उभा असेल, तर भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी आरसी बुक शोधा, इंजिन जाम आहे की फिरतंय ते मिस्त्रीकडून बघून घ्या, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की कशाला हात लावायचा नाही.